पेशंटच्या आत्महत्येनंतर: टीमला आधार आणि घटनेची चौकशी, दोन्ही कसं जमवायचं?

निशिगंध

नमस्कार. मी मनोविकार विभागात काम करते. उपचार चालू असलेल्या पेशंटचा आत्महत्येने मृत्यू झाला तर त्याच्या टीमसाठी काय करायचं, याची कार्यपद्धती लिहायचं काम सध्या माझ्याकडे आहे. कागदपत्रं कुठे जमा करायची, कुणाला कळवायचं, अहवाल किती दिवसांत द्यायचा, हे बहुतेक ठिकाणी नीट लिहिलेलं असतं. टीमबद्दल मात्र एखादीच ओळ असते: "आवश्यकतेनुसार समुपदेशन उपलब्ध करून द्यावे." आवश्यकता कुणी ठरवायची? समुपदेशन देणार कोण? ज्याला गरज आहे त्याने स्वतः उठून मागायला जायचं का? अशा वेळी माणूस मागायला जात नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे.

आधी एक विनंती. पद्धत, ठिकाण किंवा ओळख पटेल असा तपशील कुणी लिहू नका. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात स्वतःच्याच मरणाचे विचार घोळत असतील, तर हा धागा बाजूला ठेवून आत्ताच जवळच्या माणसाशी, डॉक्टरांशी किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनशी बोला. डॉक्टर-नर्स असाल तरीही.

हा प्रसंग विरळा नाही. स्कॉटलंडमधल्या मनोविकारतज्ज्ञांचा एक अभ्यास २००० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. उत्तर देणाऱ्यांपैकी ६८ टक्के तज्ज्ञांनी आपल्या उपचाराखालचा पेशंट आत्महत्येत गमावला होता. अनेकांची झोप उडाली, मन खचलं, काहींनी लवकर निवृत्त व्हायचा विचार केला. ही सगळी अनुभवी माणसं होती.

त्या दिवशी प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. फोन येतो. डॉक्टर फोन ठेवतात आणि कॉम्प्युटरवर शेवटची नोंद उघडतात. "झोप सुधारली. भूक बरी. आत्महत्येचे विचार नाकारतो. दोन आठवड्यांनी भेट." एवढंच असतं, पण ते पुन्हा पुन्हा वाचलं जातं. प्रश्न विचारताना मी त्याच्याकडे बघत होतो की टाइप करत होतो? "नाही" म्हणायच्या आधी तो थांबला होता का? दोन आठवडे कशाला, एक का नाही? तेवढ्यात दारावर टकटक होते, पुढचा पेशंट आत येतो. त्यालाही तोच प्रश्न विचारायचा असतो.

म्हणून माझ्या मसुद्यात पहिली गोष्ट अशी आहे: बातमी समोर बसून, दार लावून सांगायची, आणि कॉरिडॉरमधून कानावर जायच्या आत सांगायची. सांगणाऱ्यानेच त्या दिवसाची ओपीडी कोण सांभाळणार हे ठरवून यायचं. घरी जायचं की थांबायचं हे मात्र त्या माणसावर सोडायचं. "तू आज घरी जा" हे काहींना आधार वाटतं, काहींना हकालपट्टी.

दुसरी गोष्ट नोंदींची. त्या घटकेला जुन्या नोंदीत एखादी ओळ घालावी, एखादा शब्द बदलावा असा मोह होतो. हात लावायचा नाही. खरंच काही राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ टाकून, उशिरा केलेली नोंद म्हणून वेगळी लिहायची. आपली हळहळ, अपराधीपणा किंवा दुसऱ्यावरचा राग केसपेपरवर उतरवायचा नाही. हे कुणीतरी शेजारी उभं राहून शांतपणे सांगावं लागतं.

आणि माझं सगळ्यात ठाम मत: आधार देणारी माणसं वेगळी आणि चौकशी करणारी वेगळी हवीत. "बस, पाणी घे, कसा आहेस?" असं विचारणाराच संध्याकाळी "चौथ्या तारखेला फॉलोअप का झाला नाही?" म्हणून विचारणार असेल, तर कुणीही मन मोकळं करणार नाही. आणि चौकशीलाही खरं कळणार नाही.

तुमच्याकडे काय होतं, काय उपयोगी पडलं, कशाने त्रास वाढला, लिहा.

रात्रपाळी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. पण तुमच्या पोस्टमध्ये 'टीम' म्हणजे डॉक्टरच दिसतात.

मी नर्स आहे. वॉर्डात घटना घडली तर पहिली पोचते ती ड्युटीवरची सिस्टर किंवा वॉर्डबॉय. सीपीआर तीच सुरू करते. तासाभरात तिच्या पुढ्यात कोरा कागद येतो, "तुमचा जबाब लिहून द्या." अंगावर तोच युनिफॉर्म असतो. बाकीच्या पेशंटची रात्रीची औषधं वाटायची राहिलेली असतात, तीही तिनेच वाटायची. निरीक्षणाच्या चार्टवर दर पंधरा मिनिटांच्या खान्यात तिची सही असते आणि पुढचे कित्येक महिने सगळे तोच चार्ट बघत असतात. त्या रात्री वॉर्डात किती पेशंटमागे किती नर्स होत्या, हे चार्टवर कुठेच नसतं.

डॉक्टरांसाठी निदान त्यांचे सीनियर येतात. सफाई करणाऱ्या मावशींना कुणी विचारत नाही. पेशंट सगळ्यात जास्त गप्पा त्यांच्याशीच मारत असतो.

अजून एक बारीकशी वाटणारी गोष्ट. मृत्यूनंतर चार-पाच दिवसांनी कॉम्प्युटर आपोआप मेसेज पाठवतो, "आपली अपॉइंटमेंट उद्या अकरा वाजता आहे." तो घरच्यांच्या मोबाइलवर जातो. मग घरचे रिसेप्शनला फोन करतात, आणि तिथल्या मुलीला काही माहीतच नसतं. त्या फोननंतर ती मुलगी काउंटरवर रडत बसलेली मी पाहिली आहे. पुढच्या अपॉइंटमेंट आणि मेसेज बंद करणं हे त्याच दिवशी एका ठरलेल्या माणसाचं काम असायला हवं, आणि ते कागदावर लिहिलेलं हवं.

निशिगंध

रात्रपाळी, अगदी बरोबर. 'टीम'ची व्याख्या बदलते: पेशंटशी संबंध आलेला प्रत्येक जण. वॉर्ड, रिसेप्शन, समाजसेवा विभाग, पूर्वीचे थेरपिस्ट, आणि रजेवर असलेलेही. रजेवरच्या माणसाला परतल्यावर यादीतून नाव गायब झालेलं दिसणं फार वाईट. जबाबाबद्दलही लिहिते: त्या रात्री वेळा आणि घडलेल्या गोष्टी एवढंच थोडक्यात, सविस्तर नंतर, आणि लिहिताना सोबतीला हवं ते माणूस.

खिडकी

मी रेसिडेंट आहे. माझ्या पेशंटच्या मृत्यूनंतर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळालेलं वाक्य म्हणजे "या फील्डमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला हे येतंच." म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण त्यानंतर बोलायला काही उरत नाही. दुसरं वाक्य, "तू काहीच चुकीचं केलं नाहीस." हे पहिल्याच दिवशी, केसपेपर न वाचता म्हटलेलं असतं, त्यामुळे त्यावर विश्वास बसत नाही.

उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या मॅडमनी घरच्यांना फोन करताना मला शेजारी बसवलं. बोलल्या त्या, मी फक्त होते. विभागाच्या बैठकीत केस मांडायची वेळ आली तेव्हा त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि "आमचा पेशंट" म्हणाल्या. नंतरचे काही आठवडे नवीन गंभीर केस मी एकटीने पाहायची नाही, असं त्यांनी ठरवलं, पण ओपीडी बंद केली नाही. न विचारता केलं सगळं.

त्या काळात मी ज्याला-त्याला ॲडमिट करायला बघत होते, हेही लिहायला हवं. साधं "जगण्यात काही राम नाही" म्हटलं की भरती. आणि माझा एक सहाध्यायी नेमकं उलटं करायला लागला, आत्महत्येचा प्रश्न विचारायचाच टाळू लागला. म्हणजे आम्हाला आधार देणं ही आमच्यावर मेहेरबानी नाही, पुढच्या पेशंटची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.

एक प्रश्न: आमच्याकडे घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून सक्तीचं 'डीब्रीफिंग' झालं. प्रत्येकाने काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं. मला ते फार जड गेलं. हे योग्य आहे का?

निशिगंध

सक्तीचं तर नक्कीच नको. घटनेनंतर लगेच एकच बैठक घेऊन सगळं पुन्हा जगायला लावणं, याचा बराच अभ्यास झालेला आहे. झालेले अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात त्याने पुढचा पीटीएसडी (आघातानंतर रेंगाळणारा ताणाचा विकार) टळतो असं दिसलं नाही, उलट काहींना त्रास वाढण्याची शक्यता दिसली. कुणी काय पाहिलं हे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांच्याही डोळ्यांपुढे उभं राहतं, हा माझा स्वतःचा आक्षेप.

टीमने एकत्र बसूच नये असा याचा अर्थ नाही. काय घडलं ते मोजक्या शब्दांत सांगणं, पुढे काय होणार ते सांगणं, कुणाशी बोलायचं त्याची नावं देणं, यासाठी छोटी बैठक हवीच. मनातलं काढायची सक्ती नको.

मला अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयातली, कर्मचाऱ्यांना आधार देण्याची रचना पटते. सुझन स्कॉट यांच्या टीमने ती उभी केली. तीन पायऱ्या आहेत. पहिली, आपल्याच युनिटमधल्या माणसांनी लगेच विचारपूस करणं. दुसरी, प्रशिक्षण घेतलेले सहकारी, जे स्वतःहून संपर्क करतात आणि काही काळ करत राहतात. तिसरी, तज्ज्ञांकडे पाठवणं. बहुतेकांना पहिल्या दोनच पायऱ्या पुरतात. पण पहिल्या पायरीवरच्या माणसांना काय बोलायचं हे शिकवलेलं हवं, नाहीतर खिडकीने लिहिलेली ती दोन वाक्यंच ऐकू येतात.

आरपार

मी रुग्णालयाच्या गुणवत्ता आणि सुरक्षा विभागात आहे, म्हणजे चौकशीच्या बाजूचा. आमच्याबद्दल भीती असते ती समजू शकतो, त्यामुळे आतली बाजू लिहितो.

चौकशीचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे शेवट आधीच माहीत असणं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं की निकाल कळला की माणसाला तो आधीपासून दिसतच होता असं वाटू लागतं. मृत्यू झाल्यावर केसपेपर वाचला की प्रत्येक ओळ इशारा वाटते. त्याच ओपीडीतल्या, त्याच दिवशीच्या, आज जिवंत असलेल्या दहा पेशंटचे केसपेपर शेजारी ठेवून वाचा. तशाच ओळी सापडतात. मी समितीला हे खरोखर करायला लावतो, आणि खोलीतला सूर बदलतो.

दुसरं, भाकीत. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. कुठल्याही एका घटकावरून आत्महत्येचं भाकीत करणं हे नाणेफेकीपेक्षा फारसं बरं नव्हतं. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की भाकितासाठी जोखमीचे तक्ते आणि गुण वापरू नका, आणि 'कमी-मध्यम-जास्त' अशा पातळ्यांवरून उपचार कुणाला द्यायचे हे ठरवू नका. तरीही चौकशीत पहिला प्रश्न येतो, "जोखीम 'कमी' का लिहिली?" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे: या माणसाच्या गरजा समजून घेतल्या होत्या का, सुरक्षेची योजना त्याच्यासोबत बसून केली होती का, घरातली घातक साधनं दूर करण्याबद्दल बोलणं झालं होतं का, डिस्चार्जनंतर त्याला कुणी फोन केला का.

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त फळ देतो. मनोविकार वॉर्डातून डिस्चार्ज मिळाल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे सर्वाधिक धोक्याचे, हे ब्रिटनच्या मँचेस्टर विद्यापीठातली आत्महत्यांची राष्ट्रीय पाहणी वर्षानुवर्षं सांगते आहे. आता एक नेहमीचं चित्र बघा: डिस्चार्ज शुक्रवारी दुपारी. फोन करायची जबाबदारी 'टीमची'. शनिवार-रविवारी टीम नाही. डिस्चार्ज समरी फॅमिली डॉक्टरांकडे पोचते पुढच्या बुधवारी. यात एका माणसाचं नाव घेऊन त्याला नोटीस दिली, तर पुढच्या शुक्रवारी अगदी हेच घडणार. शुक्रवारचे डिस्चार्ज आणि शनिवारचा फोन हे ज्याच्या हातात आहे त्याने बदललं, तरच काहीतरी घडलं म्हणायचं.

त्याच पाहणीच्या टीमचा २०१२ चा 'लॅन्सेट'मधला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. इंग्लंड-वेल्समधल्या ज्या सेवांनी सुचवलेल्या सुधारणा अमलात आणल्या तिथे आत्महत्यांचं प्रमाण घटलेलं दिसलं. चोवीस तास संकटसेवा त्यात ठळक होती, आणि मृत्यूनंतर सगळ्या शाखांनी एकत्र बसून आढावा घेणं हीही एक सुधारणा होती. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, पण आढावा नीट घेण्यात वेळ वाया जात नाही एवढं म्हणायला पुरेसा आहे.

ओंजळ

मी डॉक्टर नाही. माझा भाऊ असा गेला. धागा वाचून दोन दिवस लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे प्रामाणिकपणे लिहिताय हे दिसतंय. पण वाचताना पोटात गोळा येतो. "व्यवस्थेचा दोष" हे आम्हालाही ऐकवलं गेलं. कुणीच जबाबदार नाही असा त्याचा अर्थ आमच्यापर्यंत पोचला. आईने आदल्या आठवड्यात फोन करून सांगितलं होतं की तो वेगळाच वागतोय. "पेशंटच्या परवानगीशिवाय आम्ही बोलू शकत नाही" म्हणून फोन ठेवला गेला. मृत्यूनंतर तर कुणी फोनच घेतला नाही. ज्या डॉक्टरांवर आमचा विश्वास होता ते एका दिवसात अदृश्य झाले. आम्हाला त्यांना शिक्षा नको होती. त्याच्या शेवटच्या भेटीत काय झालं ते ऐकायचं होतं, आणि आईचा फोन कुणी नोंदवला होता का एवढं कळायला हवं होतं.

तुमच्या आधारात आमची उत्तरं हरवणार असतील तर तो आधार मला नको वाटतो.

आरपार

ओंजळ, तुम्ही लिहिलंत, आभारी आहे. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं.

'व्यवस्थेचा दोष' म्हणून फाइल बंद करणं ही पळवाट आहे. डेव्हिड मार्क्स यांनी न्याय्य संस्कृतीची, म्हणजे चूक झाल्यावर माणसाशी न्यायाने कसं वागायचं याची, जी मांडणी केली तिच्यात जबाबदारी पुसलेली नाही. साधी चूक, हळूहळू सवयीचा झालेला शॉर्टकट आणि जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा, यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं. चुकणाऱ्याला सावरायचं आणि चूक होणारच नाही अशी व्यवस्था करायची. शॉर्टकट मारणाऱ्याला समजवायचं आणि तो का मारावा लागतो ते शोधायचं. बेफिकिरीला कारवाई. नोंद बदलणं किंवा न केलेल्या फेरीची सही करणं तिसऱ्या प्रकारात जाऊ शकतं, आणि तिथे "तणावात होते" एवढं पुरत नाही.

आणि आईंच्या फोनबद्दल: गोपनीयता माहिती देण्याला आडवी येते, ऐकून घेण्याला नाही. घरच्यांचं ऐकायचं, नोंदवायचं, टीमला कळवायचं, हे कधीही करता येतं. फोन ठेवणाऱ्याला बहुधा हे कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ते का शिकवलं नव्हतं याचं उत्तर वरच्या माणसांनी द्यायला हवं होतं. तुम्हालाच.

खिडकी

ओंजळ ताई, डॉक्टर अदृश्य का होतात ते आतून सांगते. समर्थन म्हणून नाही. "आता घरच्यांशी बोलू नकोस, वकील बघतील" असं पहिल्याच तासात सांगितलं जातं. बोलायची इच्छा असते आणि भीतीही असते. त्या क्षणी सोबत येणारा सीनियर असेल तर बोलणं होतं, नसेल तर दिवस जातात आणि मग तोंड दाखवणं आणखी कठीण होतं. मला आधार मिळाला म्हणून मी पेशंटच्या वडिलांसमोर बसू शकले. त्यांनी अवघड प्रश्न विचारले. काहींची उत्तरं माझ्याकडे होती, काहींना "माहीत नाही" म्हणावं लागलं. त्यांनाही तेच हवं होतं असं वाटलं.

निशिगंध

ओंजळ, तुमचा प्रतिसाद मसुद्यात जाणार, तुमची हरकत नसेल तर. घरच्यांसाठी एकच ठरलेला माणूस, ज्याचा फोन लागतो. पहिली भेट लवकर, शोक व्यक्त करण्यासाठी. "वाईट वाटतं" म्हणण्यासाठी चौकशी संपायची वाट बघायची गरज नाही. चौकशीने कुठले प्रश्न तपासावेत हे घरच्यांना सुरुवातीलाच विचारायचं, आणि अहवाल आधी त्यांच्यासमोर बसून समजावून सांगायचा. पेशंटने खाजगीत सांगितलेल्या गोष्टी मृत्यूनंतरही जपाव्या लागतात, त्यामुळे सगळंच सांगता येत नाही. पण कुठलं सांगता येत नाही आणि का, हे तर सांगता येतं. अंत्यविधीला जावं का असं टीममधले विचारतात. माझं मत, घरच्यांना विचारून जावं, त्यांना नको असेल तर नाही.

ओंजळ

हरकत नाही. आईच्या फोनचं जरूर लिहा.

मुक्काम_पोस्ट

माझी स्वतःची छोटी प्रॅक्टिस आहे, काउन्सेलिंगची. टीम नाही, गुणवत्ता विभाग नाही. असं घडलं तर मी कुणाकडे जायचं? घरीही सांगता येत नाही, गोपनीयता.

निशिगंध

घडायच्या आधी ठरवून ठेवा. तुमच्यासारख्याच एका समव्यावसायिकाशी करार करा: असा प्रसंग आला तर पहिला फोन तुला, आणि त्या आठवड्यात माझे तातडीचे पेशंट तू बघशील. नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपल्या कामाची चर्चा, चालू ठेवा. विमा किंवा कायदेविषयक सल्ला कुठून मिळतो तो नंबर हाताशी असू द्या. घरच्यांना पेशंटबद्दल सांगता येणार नाही, पण "कामावर फार वाईट घडलंय, मला थोडे दिवस जड जातील" एवढं नक्की सांगता येतं, आणि सांगावंच.

एक सावधगिरी, सगळ्यांसाठीच: सहकाऱ्याशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय राहतं की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. आधाराच्या बोलण्यात आपल्या मनाची अवस्था सांगा. घटनेचे तपशील चौकशीसाठी आणि वकिलांसाठी. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही लिहू नका.

रात्रपाळी

दोन गोष्टी राहिल्या. एक, आधार पहिल्या आठवड्यातच आटोपतो. त्रास परत वर येतो तो अहवाल येतो त्या दिवशी, कोर्टात बोलावणं येतं तेव्हा, आणि वर्ष भरतं तेव्हा. या तारखा आधीच माहीत असतात. दुसरी, वॉर्डातले बाकीचे पेशंट. त्यांना सगळं कळलेलं असतं. आपण काही झालंच नाही असं वागतो आणि ते आपल्याकडे बघत असतात.

निशिगंध

दोन्ही घेतल्या. तारखांसाठी आधार देणाऱ्या सहकाऱ्याच्या डायरीतच नोंद करायची, म्हणजे संबंधित माणसाला आठवण करून द्यावी लागणार नाही.

वॉर्डातल्या पेशंटना त्याच दिवशी, लहान गटात किंवा एकेकट्याला सांगायचं. मृत्यू झाला हे खरं सांगायचं, कसा झाला ते नाही. प्रत्येकाला त्या दिवशी स्वतंत्रपणे विचारायचं की त्याच्या मनात काय चाललंय, आणि त्या रात्री वॉर्डात जादा माणूस द्यायचा. जादा माणूस कुणाच्या मंजुरीने मिळणार, ती मंजुरी रात्री अकरा वाजता कोण देणार, हे अजून मसुद्यात रिकामं आहे. सोमवारी अधीक्षकांशी बैठक आहे, हाच पहिला विषय ठेवते. रात्रपाळी, जमलं तर रात्रीच्या वॉर्डात किमान किती जण लागतात ते मला लिहून पाठवा, चार्टवर न दिसणारी कामं धरून.